बरगडीवरचे तीन ठिपके

आमच्या ह्यांचा सबंध सांगाडा मी पहिल्यांदा पाहिला तो स्वयंपाकघरात, एका हाताने पिठलं ढवळता ढवळता. लेकीने पुण्याहून मोबाईलवर पाठवला होता. नगरच्या तपासणी केंद्राने हाडांच्या स्कॅनचा रिपोर्ट तिला धाडला, तिने तो माझ्याकडे सरकवला. एकाच पानावर दोन सांगाडे शेजारी शेजारी उभे, एक समोरून आणि एक पाठीमागून. नाव वाचायची गरजच नव्हती. चालताना हे डावा पाय बाहेर टाकतात, तसाच तो झोपलेल्या अवस्थेतही बाहेर पडलेला होता. मला हसू आलं. मग ठिपके दिसले आणि पिठलं खाली लागलं.

सांगाडा करडा होता आणि त्यावर काळे ठिपके होते. दोन्ही गुडघ्यांवर, उजव्या खांद्यावर, ओटीपोटाच्या मधोमध एक भला मोठा, आणि डाव्या बरगड्यांवर तीन, एकाखाली एक. लेकीने खाली लिहिलं होतं, ‘आई, बाबांना इतक्यात दाखवू नकोस.’

ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. सुरुवातीला एकदा असाच हाडांचा स्कॅन झाला होता आणि तो स्वच्छ निघाला होता. म्हणून डॉक्टरांनी बेत ठरवला की आधी काही महिने इंजेक्शनं द्यायची, मग रेडिएशन, म्हणजे आमच्याकडे ज्याला शेक म्हणतात तो, आणि आजार मुळासकट संपवायचा. मात्र हा बेत आजार हाडात गेला नसेल तरच. हाडात गेला तर त्याला नुसतं रोखून धरायचं, जमेल तितके दिवस. ही गोष्ट आम्हा दोघांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितली होती आणि नंतर घरात आम्ही तिचा उच्चार केला नव्हता.

इंजेक्शनांचे महिने तसे मजेत गेले. त्या औषधाने अंगातून गरम वाफा येतात. पन्नाशीला मला अशाच वाफा यायच्या, तेव्हा हे हसायचे आणि म्हणायचे, बाई, तुमच्यावर भाकरी भाजून निघंल. मी गावच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे सगळा गाव मला बाई म्हणतो आणि हेही तेच म्हणतात. आता हे बनियन काढून पंख्याखाली बसायचे, कपाळावरून घाम निथळायचा आणि मी समोर बसून शेंगा खात गंमत बघायची. संसारात असा सूड सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

दुसरा स्कॅन झाला तो माझ्या चहाडीमुळे. दिवाळीनंतर हे कुशीवर वळताना कण्हायला लागले होते. विचारलं की म्हणायचे, काय न्हाई, वारा धरलाय. इंजेक्शनाला गेलो तेव्हा मी ते डॉक्टरांना सांगून टाकलं. हे माझ्याकडे असे काही बघायला लागले, जणू मी भर बाजारात ह्यांचं वय सांगितलं. डॉक्टर म्हणाले, शेक सुरू करण्याआधी एकदा हाडं बघून घेऊ.

आता बाजाराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. हे घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल आहेत. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हे. जनावराचे दात बघायचे, कास चाचपायची, चालवून बघायचं आणि मग शब्द द्यायचा. त्या शब्दांत सगळ्यात मोलाचा शब्द म्हणजे ‘गरीब’. गरीब म्हणजे मारकी नाही, लाथ घालत नाही, घरातल्या कोणीही धार काढावी. ह्यांनी एखादी म्हैस गरीब म्हटली की घेणारा पुढे काही विचारत नाही, गाडीत चढवतो. उभी हयात ह्यांनी त्या एका शब्दावर काढली आहे.

दिवाळीनंतरच्या बाजारात ह्यांनी अशीच एक म्हैस पाथर्डीकडच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला घेऊन दिली होती. त्याची शेती आहे आणि स्वतःची जीप तो पाथर्डीच्या रस्त्यावर चालवतो. ह्यांना तो अण्णा म्हणतो आणि खरोखरच थोरल्या भावासारखं मानतो. ह्यांचा आजार कळल्यापासून दवाखान्याला न्यायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. स्कॅनच्या दिवशीही तोच होता. हातात एक इंजेक्शन दिलं, तीनेक तास थांबवलं, पाणी प्या, पाणी प्या म्हणाले, सारखं लघवीला पाठवलं आणि मग मशीनखाली झोपवलं. तेवढा वेळ तो आमच्याबरोबर बाकड्यावर बसून ह्यांना पाणी भरून आणून देत होता.

तर असा तो रिपोर्ट शनिवारी आला आणि डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. लपवायचं मी ठरवलं, पण मला ते कधी साधलेलं नाही. करपलेल्या पिठल्याबरोबर मी ह्यांना न मागता तुपाचा गोळा वाढला. ह्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि मोबाईलसाठी हात पुढे केला.

बराच वेळ बघत होते. गुडघ्यांवर नजर थांबली नाही, खांद्यावर नाही, पोटातल्या त्या मोठ्या डागावरही नाही. बरगड्यांपाशी आले आणि तिथेच थांबले. मोबाईल परत दिला, हात धुतला आणि बाहेर बाजेवर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. काही बोला म्हटलं. तर म्हणाले, बोलायचं काय, आलंय ते आलंय. ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि मला फार भीती वाटली.

रविवारी भावकी लोटली. बातमी कशी पसरली देव जाणे. आजारी माणसाला भेटायला जायचं ही आमच्याकडची जुनी रीत, पण त्यातही प्रकार आहेत. बरा होणाऱ्याला भेटायला गेलं की लोक त्याच्याशी बोलतात. बरा न होणाऱ्याला भेटायला गेलं की बायकोशी बोलतात, तेही हळू आवाजात. त्या दिवशी सगळे माझ्याशी बोलत होते. ओट्यावर बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग झाला. ह्यांची चुलत बहीण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, आता तूच धीर धर. मी तिला म्हटलं, मी धरते, तुम्ही आधी चपला काढून आत या. ती रुसली, पण जेवूनच गेली.

हे बाजेवर निपचित बसून होते. एरवी कोणी आलं की म्हशींच्या भावापासून सुरू होणारा माणूस, त्या दिवशी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलला. डावा हात सारखा कुशीवर जात होता. मला वाटलं दुखतंय.

सोमवारी जीप दारात आली. डॉक्टरांच्या खोलीत मी आणि हे खुर्च्यांवर बसलो आणि जीपवाला ह्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात आणि माझ्यासारख्या बाईलाही वाक्य पूर्ण करू देतात. त्यांनी तोच सांगाडा संगणकाच्या पडद्यावर मोठा करून लावला आणि सांगायला खालून सुरुवात केली.

गुडघ्यांचे ठिपके म्हणजे झीज. या वयात बहुतेकांचे गुडघे असेच दिसतात. खांद्याचंही तेच. मग ते पोटातल्या त्या मोठ्या काळ्या डागावर आले. मी खुर्चीची कड घट्ट धरली. डॉक्टर म्हणाले, ही लघवीची पिशवी. टोचलेलं औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून ती काळी दिसते. सगळ्यांचीच दिसते. शनिवारपासून मी सगळ्यात जास्त रडले होते ती त्या डागासाठी, म्हणजे ह्यांच्या लघवीसाठी. मला तिथल्या तिथे हसावं असं वाटलं, पण बरगड्या अजून राहिल्या होत्या.

त्यांनी मशीनचं तत्त्वही समजावलं. हे औषध हाडात जिथे काम चालू असेल तिथे जास्त ओढलं जातं. मशीन तेवढंच दाखवतं, की इथे काम चालू आहे. काम कसलं, ते मशीनला कळत नाही. आजारामुळे असेल, झिजेमुळे असेल, आणखी कशामुळे असेल. मला ते लगेच पटलं. शेजारच्या घरातून हातोड्याचा आवाज आला तर खुंटी ठोकताहेत की भिंत पाडताहेत ते आपल्याला इकडून कुठे कळतं?

“आता या तीन जागा,” डॉक्टर म्हणाले. “पहिल्या स्कॅनमध्ये या नव्हत्या. पण बघा, एकाखाली एक, सरळ रांगेत आहेत. आजार सहसा असा रांग धरून बसत नाही. मार लागला की असं दिसतं. काका, कुठे पडला होतात का?”

“न्हाई,” हे म्हणाले.

काही आपटलं का, अपघात वगैरे? न्हाई. नीट आठवा. न्हाई. हे डॉक्टरांकडे बघतच नव्हते, मान वळवून जीपवाल्याला म्हणत होते की तू जा, चहा पिऊन ये. तो कुठला जातो? अशा वेळेला चहा कसा गिळंल अण्णा, असं म्हणत त्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्यांनी आणखी मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, मार लागलेला नसेल तर आपल्याला हा आजारच धरून चालावं लागेल. बरगडीचा तुकडा काढून तपासावा लागेल. शेकाचं सध्या लांबणीवर टाकू आणि पुढच्या औषधांचा वेगळा विचार करू. ते सावकाश सांगत होते आणि मला फक्त एवढंच कळत होतं की मुळासकट संपवायचा बेत आमच्या हातातून चालला आहे.

तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. तो पुन्हा कुशीवर गेला होता, पण दुखणाऱ्या जागेवर ठेवावा तसा नाही. झाकल्यासारखा. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर हाताखाली काहीतरी दडवून बसलेला माणूस मला लगेच ओळखू येतो.

“अहो,” मी म्हटलं, “मार लागलाय का तुम्हाला? खरं बोला. इथं तुमचा बाजार न्हाई.”

हे जमिनीकडे बघत म्हणाले, “लाथ बसली व्हती. म्हशीची.”

डॉक्टर पुढे झुकले. कधी, कुठे, कोणत्या बाजूला? दिवाळीनंतरच्या बाजारात, ह्याच बाजूला. मग इतका वेळ सांगितलं का नाही?

तेव्हा हे जे बोलले ते मी विसरणार नाही. “मला वाटलं, मार लागला त्याच जागी त्यो जाऊन बसला. मीच त्याला जागा दिली. आता कुनाला सांगू?”

शनिवारपासून हा माणूस हे एकट्याने उरात घेऊन बाजेवर बसला होता. आजार हाडात आला आणि तो आपण आणला, असं त्यांनी धरलं होतं. माझा जीव इतका कळवळला की मी सगळ्यांसमोर ह्यांचा हात धरला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत हात धरायची ती पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, काका, लाथेने कॅन्सर येत नाही आणि मार लागलेल्या जागी तो धावत जात नाही. उलट आहे. लाथेने तुमच्या बरगड्या मोडल्या असणार. या इंजेक्शनांनी हाडं थोडी ठिसूळ होतात, म्हणून पटकन मोडल्या. आता त्या सांधताहेत, आणि सांधण्याचं ते काम मशीनने टिपलं. हाडाचा साधा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढून बघू, लगेच कळेल.

“कंची म्हैस?” मागून जीपवाल्याने विचारलं.

हे त्याच्याकडे न बघता म्हणाले, “तुझीच. तू यायच्या आधी कास बघत व्हतो. मागं ट्रकचा हॉर्न वाजला. मी म्हणलं बिचकली आसंल. गरीबच वाटली मला.”

जीपवाल्याने ह्यांच्या टाळूकडे बघितलं. “लई मारती ती, अण्णा,” तो म्हणाला. “पयल्या दिसापासून पाय बांधून धार काढतो आमी. आमची मंडळी म्हणली, मानूस आजारी हाय, बोलू नगा.”

डॉक्टर हसले ते टेबलावर हात टेकून हसले. बाहेरची नर्स दार उघडून बघून गेली. जीपवाला हसायला लागला, मग मी, आणि शेवटी हेही हसले, पण बरगडीत कळ येते म्हणून अर्धवट. खालच्या मजल्यावर फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून आम्हाला दाखवला. तीन बरगड्यांवर तीन चिरा, आणि प्रत्येक चिरेभोवती नवीन हाडाची जाडसर गाठ धरलेली. रक्ताची तपासणीही चांगली उतरली होती. खात्रीसाठी काही महिन्यांनी पुन्हा एकदा बघू, ते म्हणाले, पण मला यात आजार दिसत नाही. शेक ठरल्याप्रमाणे सुरू करायचा.

मला इतका आनंद झाला की राग यायला वेळ लागला. तो आला पांढरीच्या पुलावर, भेळेसाठी थांबलो तेव्हा. भेळेचा पहिला घास घेतला आणि मी सुरू झाले. मोडलेल्या बरगड्या घेऊन महिनोन् महिने फिरलात. मला वारा धरलाय म्हणून सांगितलंत. डॉक्टरांनी विचारलं तरी न्हाई न्हाई. आणि कशासाठी, तर म्हशीला गरीब म्हटलं होतं म्हणून. हे शांतपणे माझ्या भेळेतले शेंगदाणे वेचून खात होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, अजून एक भेळ सांगू का? मी म्हटलं, सांगा, मिरची जास्त.

पुढच्या बाजारात ह्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते प्रकरण तिथेच मिटवतील, पण ह्यांनी शर्ट वर करून जागासुद्धा दाखवली. ह्यांचं म्हणणं असं की कॅन्सर हाडात गेलाय असं लोकांनी म्हणण्यापेक्षा दलालाला म्हशीनं उडवलं असं म्हटलेलं बरं. रविवारी बिस्किटं घेऊन आलेले लोक लाथेची गोष्ट ऐकायला पुन्हा आले, आणि यावेळी माझ्याशी कोणी बोललं नाही. सगळे ह्यांच्याभोवती बसले. चुलत बहीणही आली. मी तिला तिचाच पुडा उघडून चहाबरोबर दिला. पुढे बाजारात ह्यांनी एखादं जनावर गरीब म्हटलं की कोणीतरी हमखास विचारायचं, अण्णा, तुमची बरगडी काय म्हणती? हे सगळ्यांत मोठ्याने हसायचे. धंदा तसूभरही कमी झाला नाही.

शेक संपला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. जीपवाल्याने जेवायला बोलावलं म्हणून आम्ही त्याच्याकडे गेलो. मी घरून पुरण घालून पोळ्या नेल्या होत्या, त्यातली पहिली म्हशीसाठी. कोणाला वेडेपणा वाटला तर वाटो. तिने लाथ घातली नसती तर ते ठिपके उठले नसते हे मला कळतं, आणि आमचे ते दोन दिवस जसे गेले तसे तिच्यामुळेच गेले. पण ठिपक्यांचं कारण विचारलं गेलं तेव्हा उत्तर म्हणून तीच निघाली, कॅन्सर निघाला नाही. एवढ्यासाठी मी तिला रोज पोळी घालायला तयार आहे. ती काळीभोर, धिप्पाड, डोळ्यांत बेरकी भाव. मी पोळी लांबूनच पुढे केली. तिने ती एका घासात ओढली आणि माझ्या पदराकडे बघायला लागली.

हे मात्र सरळ तिच्या मागे गेले. मी ओरडले, जीपवाल्याची बायको ओरडली. ह्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं, तिच्या कुशीला हात लावला, पोटाखालून चाचपलं आणि म्हणाले की गाभण हाय, पावसाळ्याच्या शेवटाला व्येल. जीपवाला म्हणाला, व्हय, जनावराच्या डॉक्टरनंबी तेच सांगितलंय.

“पारडी झाली तर मला दे,” हे म्हणाले. “घरी वाढवतो.”

मी पोळ्यांचा डबा धरून उभीच राहिले. दलालाच्या घरी जनावर टिकत नाही. आमच्या दारात कधीही एका रात्रीच्या वर जनावर बांधलेलं नव्हतं, सकाळी ते दुसऱ्याचं व्हायचं. आणि पारडी वाढवायची म्हणजे तिला चारा घालत बसायचं, ती दुधावर यायला तीन-चार वर्षं तरी जातात. ही गोष्ट ह्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. डॉक्टरांनी आम्हाला वर्षांचा आकडा कधी सांगितला नव्हता आणि आम्ही कधी विचारला नव्हता.

हे माझ्याकडे बघत होते. परवानगी मागितल्यासारखे.

मी म्हटलं, “घ्या की. मोरीमागं जागा हाय.”